सुमन, पाटलीण अजून जेवलेली नाही

सुमन,

तुला पोचवून सगळे परतले, अंगणात आंघोळी उरकल्या आणि जर्मनीहून इशानचा फोन आला. माझा नातू एवढा मोठा झाला, तरी त्याला नीट बोलता येत नव्हतं. रडला, थांबला, पुन्हा रडला. मग अगदी हळू म्हणाला, "आजी, पाटलीण कशी आहे?" आणि विचारल्याबरोबर त्याची त्यालाच लाज वाटली. "सॉरी आजी. आत्ता हे विचारायला नको होतं."

मी म्हटलं, "का नको? सुमनआजीनं सगळ्यात आधी हेच विचारलं असतं."

तर तुला सांगते. पाटलीण अजून जेवलेली नाही. तू होतीस तेव्हापासून तिनं तोंड फिरवलं आहे, ते तसंच आहे. एरवी ठीक आहे. आपल्या कोपऱ्यात बसलेली असते, मधूनच एखादा पाय उचलून पुन्हा तिथेच ठेवते.

हे मी मराठीत लिहिते आहे. लिहून झालं की इशानला आणि त्याच्या बहिणीला, ऋचाला, पाठवणार आहे. दोघंही परदेशात वाढत्या कामाच्या रगाड्यात, त्यांना इंग्रजीत वाचणं सोपं गेलं असतं. मलाही लिहायला सोपं गेलं असतं. गोंदियाच्या शाळेत सारी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली, काही मुद्देसूद मांडायचं झालं की मन आपणहून तिकडे वळतं. पण तुला इंग्रजी येत नव्हतं. तुझ्याबद्दल इंग्रजीत लिहायचं म्हणजे तुझ्या पाठीमागे बोलायचं. आपल्या दोघींत ते कधी चाललं नाही. जे काय झालं ते तोंडावर.

पाटलीण घरात आली तो दिवस मुलांना मी माझ्या बाजूनं सांगितलेला आहे. तुझ्या बाजूनं इशानला आठवत असेलच. पुण्याची नोकरी सोडून तो परदेशी निघाला होता. निरोप घ्यायला म्हणून इथे नवेगावला आला, गोंदियाहून बसमध्ये मांडीवर एक खोकं धरून. खोक्याला भोकं पाडलेली. मला वाटलं, मिठाई असेल, हवा लागावी म्हणून काही केलं असेल. उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरकले.

"आजी, टॅरंटुला आहे. मूळ जात मेक्सिकोची, पण जन्म इथलाच. कागदपत्रं आहेत सगळी. अगदी शांत असते. थोडे दिवस ठेव."

"एक दिवससुद्धा नाही," मी म्हटलं.

तू चुलीपुढून उठून हात पुसत आलीस आणि सरळ खोक्यावर वाकलीस. तळहाताएवढी पसरलेली कोळीण. काळी, मखमलीसारखी, आणि प्रत्येक पायाच्या गुडघ्यावर पळसाच्या फुलाचा केशरी रंग.

"बापा! पायात तोडे घालून आली का जी?"

"घाबरू नको सुमनआजी."

"घाबरते कोन? खाते काय हे?"

"किडे. रातकिडे वगैरे. आठवड्यातून एखादा."

"अन् बाकीचे दिवस?"

"बसून असते."

"मंग हे पाटलीनच हाये. आयतं खायाचं अन् बसून राहाचं. ठेव इथंच. वयनी बोलून राहिली तं बोलू दे. ते मलेबी घरात ठेवत नव्हती."

हे शेवटचं वाक्य धादांत खोटं होतं आणि तुला ते माहीत होतं. मी तुला ठेवण्या-न ठेवण्याचा प्रश्न कुठे आला? घर तुझ्या वडिलांचं, त्यात राबणारी तू. तुझे भाऊ, म्हणजे आमचे हे, गेल्यावर गोंदियातलं बिऱ्हाड आवरून मी इथे आले, तेव्हा रस्त्याकडची उजेडाची खोली तू माझ्यासाठी रिकामी केलीस आणि स्वतः मागच्या खोलीत गेलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "तुले वाचाले उजेड लागते. मले निजाले अंधार लागते." त्यावर मी आभारसुद्धा मानले नाहीत. शाळेत पोरांना उठता-बसता 'थँक यू' म्हणायला लावणारी बाई मी. तुला ते म्हणायला जीभ रेटली नाही, कारण तू हसली असतीस.

पाटलीण मग तुझ्या मागच्या खोलीतच राहिली. मी बजावलं होतं, माझ्या खोलीचा उंबरा तिनं ओलांडायचा नाही. तू म्हणालीस, "ते कायले येते तुह्या खोलीत? तिथं खायाले पुस्तकंच हायेत."

तिच्यावरून आपण जेवढं भांडलो तेवढं जमिनीच्या वाटणीवरूनही कोणी भांडत नाही. पहिल्याच आठवड्यात तू तिच्यापुढे सुके झिंगे ठेवलेस. मी म्हटलं, तिला जिवंत हलणारं लागतं. तू म्हणालीस, तलावाचे झिंगे लोक लांबून येऊन नेतात, हिला काय झालं? तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा तू एका जुन्या बादलीत अंड्यांचे ट्रे घालून रातकिडे पाळायला सुरुवात केलीस आणि घरभर किर्र आवाज भरला. बांधावरचे नाकतोडे आणायला निघालीस तेव्हा मी दारात आडवी झाले. धानावर फवारणी झालेली, तो किडा खाऊन ही मरेल. त्या दिवशी तू ऐकलंस. मोहफुलं वाळायला घातली की मुंग्यांची रांग लागते, म्हणून तिच्या स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केलेस, आपण गुळाचा डबा ठेवतो तसे. ते मला सुचलं नसतं. पण उन्हाळ्यात काचेला ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलंस, आत बुरशी धरली आणि सगळी माती आपल्याला बदलावी लागली. "हे मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "सांगतलं होतं, पन वरडून नव्हतं सांगतलं," तू म्हणालीस. म्हणजे चूक माझीच.

एकदा तिनं मागच्या पायांनी पाठीवरचे बारीक केस झाडले आणि ते तुझ्या डोळ्यांत गेले. डोळे सुजले, लाल झाले. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? तू शांतपणे सांगितलंस, "आमच्या पाटलीनीनं केलं जी." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं काही पाहिलं की मला बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं. परत येताना रिक्षात तू सुजलेल्या डोळ्यांनी हसत होतीस. मला मात्र राग आला होता. घरी आल्यावर मी म्हटलं, "तिला तू कोण हे माहीतसुद्धा नाही, सुमन. कुत्रं ओळखतं, म्हैस ओळखते. ही ओळखत नाही. हात पुढे केलास तर तिला तो जमिनीचा तुकडा वाटतो."

तू म्हणालीस, "नाई तं नाई. मले तं तिची ओळख हाये ना."

पण एक भांडण अर्धं राहिलं. ते मला मुलांसाठी लिहून ठेवायचं आहे, कारण त्याचा शेवट मला अजून लागत नाही.

तुला वाटायचं, तिला सोडून द्यावं. "जंगल तं हे काय, तलावापल्याड. काचेत काऊन ठेवाचं जीवाले?" मी समजावलं की हे तिचं जंगल नाही, ती तिथे जगणार नाही, जगली तर इथल्या जिवांचं काय होईल कोणाला ठाऊक. ते तुला पटलं. पण मग म्हणालीस, "मंग जोडीले एक आनाची होती त्या पोट्ट्यानं. एकटीच कशी राहीन?"

"तिची जातच एकटी राहणारी आहे," मी म्हटलं. "दुसरी आणून ठेवलीस तर एक दुसरीला खाऊन टाकेल. तिला सोबत लागत नाही. तिचं काही अडत नाही."

तू भाजी निवडत होतीस. हात थांबले. म्हणालीस, "खरंच?"

"खरंच."

"मंग बरं हाये. एकटी राहाची जातबी देवानं बनवली म्हनाची."

आणि पुन्हा भाजी निवडायला लागलीस.

तुझं लग्न का झालं नाही, याची तीन कारणं या घरात सांगितली जात. सासूबाई एक सांगत, तुझे भाऊ दुसरं, गाव तिसरं. तुला एकही मान्य नव्हतं आणि तू चौथं कधी सांगितलं नाहीस. त्या दुपारी विचारायला हवं होतं. मी चाकू-विळीपाशी बसलेली, हातात काही काम नाही, घरात दुसरं कोणी नाही. इतकी सोयीची वेळ पुन्हा आली नाही. मी उठून चहा ठेवला. वाटलं, तुझं तू सांगशील. तुला वाटलं असेल, ही विचारेल.

पाटलिणीनं पहिल्यांदा खाणं सोडलं तेव्हा तू घाबरली होतीस. रातकिडा तिच्या पायाशी फिरतोय आणि ती हलत नाही. दोन आठवडे, तीन आठवडे. तू मला न सांगता देवापुढे सुपारी ठेवलीस, ती मी पाहिली. मग मी इशानला फोन केला, सगळं नीट विचारून घेतलं आणि तुझ्यासमोर बसून एक-एक शब्द सुटा करून सांगितलं, जसं वर्गात सांगते तसं: कात टाकायच्या आधी त्यांना भूक नसते. महिनोन्महिने खात नाहीत. जबरदस्ती करायची नाही. पाणी ठेवायचं आणि वाट पाहायची.

ते तू पाठ केलंस.

या वर्षी तुझ्या ताटात भात उरायला लागला. आधी घासभर, मग अर्धा. मी बोलले तर तू पाठ ताठ केलीस, हातात नसलेला खडू धरलास आणि माझ्याच आवाजात, माझ्याच थांब्यांसकट म्हणालीस, "वयनी. जबरदस्ती कराची नाई. पानी ठेवाचं. अन् वाट पाहाची."

इतकी हुबेहूब नक्कल होती की मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नंतर कितीदा तरी तू ते केलंस. पुढे मला हसू येईना, तुला मात्र येत राहिलं. "ते तीन-तीन महिने नाई खात, तिले काई होते का? मी दोन घास कमी खाल्ले तं कायले जीव खाऊन राहिली माहा?" मी सांगायची, तू कोळी नाहीस. तू म्हणायचीस, "माहीत हाये. मले पाय कमी हायेत."

ओढून-ताणून नागपूरला नेलं. डॉक्टरांनी पोटातलं काय ते सांगितलं. ऑपरेशन करता येईल म्हणाले, मग त्यापुढचे उपचार, मग पाहू म्हणाले. माझा मुलगा अनिल पुण्याहून आला होता, तो सगळं करायला तयार होता. तू डॉक्टरांना हात जोडलेस आणि म्हणालीस, "साहेब, मले घरी जायाचं हाये." परतीच्या गाडीत मी पूर्ण रस्ताभर बोलत होते. तू खिडकीबाहेर बघत होतीस. साकोली मागे पडल्यावर एवढंच म्हणालीस, "धान चांगला हाये औंदा."

ते भांडण तू जिंकलीस असं मी अजूनही मान्य केलेलं नाही. मला वाटतं, तू जायला हवं होतं ऑपरेशनला. चार महिने मिळाले असते की चार वर्षं, मला माहीत नाही. पण मला ती हवी होती. तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. हे तुला मी गाडीत सांगितलं नाही. तुला तुझ्या भल्याचंच सांगत बसले.

शेवटी तुझी खाट तिच्या काचेशेजारीच होती. तुम्ही दोघीही न खाणाऱ्या, आणि मध्ये मी, हातात पेजेची वाटी घेऊन. तू कूस वळवून तिच्याकडे बघत पडायचीस. मी रोज वाट पाहत होते, तू आता म्हणशील, "वयनी, हिले सांभाळजो." माझं उत्तरही तयार होतं. आधी मी कटकट केली असती, मग हो म्हटलं असतं. तू काही म्हटलं नाहीस. एकदा मीच विचारलं, "सुमन, काही सांगायचंय का? काही हवंय?"

"पंखा कमी कर," तू म्हणालीस.

दहाव्याला सगळे तलावावर गेलो. अनिलनं पिंड ठेवला आणि मागे सरला. बायका आम्ही जरा अंतरावर उभ्या होतो. तुला ठाऊकच आहे, माझा या गोष्टींवर विश्वास नाही. कावळा हा भुकेला पक्षी आहे आणि भात हा भात आहे, असं मी पोरांना आयुष्यभर सांगत आले. तरी त्या सकाळी मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. कावळा लवकर शिवणार नाही, जमलेले लोक एकेक वचन देतील, तुझ्या वाट्याच्या धानाच्या बांधीचं बोलतील, आंब्याच्या झाडाचं बोलतील, तरी तो शिवणार नाही. मग मी पुढे होईन आणि सगळ्या गावासमोर, हसतील तर हसोत, म्हणेन, "सुमन, पाटलिणीला मी सांभाळीन."

अनिल मागे सरला न सरला तोच कावळा आला. उतरला, चोच मारली आणि खायलाच बसला. कोणाला तोंड उघडायला वेळ मिळाला नाही.

"शिवला, शिवला!" लोक म्हणाले. शेजारच्या कौसाबाईंनी माझा हात दाबला. "सुखानं गेली बापा सुमनबाई. काई इच्छा नाई ठेवली मागं."

तेव्हा मी रडले. तू गेलीस त्या दिवशीही तशी रडले नव्हते. कौसाबाईंना वाटलं, समाधानानं रडते आहे. माझं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं होतं आणि ते कोणालाच नको होतं. तुला माझ्याकडून काहीच घ्यायचं नव्हतं का ग? उजेडाची खोली दिलीस, इतकी वर्षं रांधून घातलंस, आणि परतफेडीला एक कोळी मागायचाही तुला संकोच झाला? की मागितलं असतं तर मी आधी 'नाही'च म्हणणार, हे तुला माहीत होतं, आणि जाता जाता तेवढं ऐकायचं नव्हतं?

अनिल निघण्याआधी म्हणाला, "आई, तुला त्या कोळ्याचा त्रास नको. इशानच्या ओळखीचे एकजण आहेत नागपूरला, प्राध्यापक. त्यांच्याकडे अशा आहेत. ते येऊन घेऊन जातील." मी हो म्हटलं. तिची मला भीती वाटते, अजूनही वाटते. तू मागितलेलं नव्हतं, मी कबूल केलेलं नव्हतं. कोणाचं कोणाला काही बांधील नव्हतं.

ते गृहस्थ परवा आले, पत्नीला घेऊन. सभ्य माणसं. गुडघ्यावर बसून त्यांनी बराच वेळ काचेतून पाहिलं. माती बोटानं चाचपली, पाण्याच्या वाट्यांतले स्टुलाचे पाय पाहिले, बायकोला दाखवले.

"फार सुरेख ठेवली आहे, मॅडम. कोणी सांभाळली?"

"माझ्या नणंदेनं."

"असं? मग त्यांना विचारलं आहे ना? त्यांची तयारी आहे द्यायची?"

इशाननं त्यांना एवढंच सांगितलं होतं की आजीला जमत नाही. बाकी त्यांना काही माहीत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं. आणि सुमन, ते मला सांगवेना. इतक्या दिवसांत दारात आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं आहे, कधी झालं, कसं झालं, शेवटी शुद्ध होती का, पाणी कोणी घातलं. आता ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडतं. त्या क्षणी पडलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "विचारलेलं नाही."

"मग आधी विचारा," ते उठत म्हणाले. "इतकं जीव लावून ठेवलेलं कोणी परस्पर दिलं तर वाईट वाटतं. आम्ही परत येऊ, त्यात काय."

"बरोबर आहे," मी म्हटलं. त्यांना चहा दिला, गाडी वळेपर्यंत फाटकात उभी राहिले. अनिलला कळलं तेव्हा तो फोनवर चिडला. "आई, तू त्यांना सांगितलंच नाहीस?" नाही सांगितलं.

त्यानंतर मी तुझ्या खोलीत जाऊन बसले. तुझी खाट उभी करून ठेवली आहे, म्हणून पाटावर बसले. ती तिच्या कोपऱ्यात होती. या घरात, या गल्लीत, अख्ख्या गावात जो तो माझ्याकडे बघतो आणि त्याच्या चेहऱ्यावर तू गेल्याचं असतं. दूधवाल्याच्या असतं, कौसाबाईंच्या असतं, फोनवर मुलांच्या आवाजात असतं. तिच्यापाशी ते नव्हतं. ती मला सांत्वन देत नव्हती, काही विचारत नव्हती. तिला काही कळलेलंच नाही.

मुलांनो, कोळी कुठेही पाठवायचा नाही. प्राध्यापकांना मीच काय ते कळवीन, सावकाश.

आणि तिला कोणी काही सांगायचं नाही. घरात एवढी एक जागा राहू दे, सुमन, जिथे तू नुसती बाजाराला गेली आहेस.